आजी, नातीला गावातच ठेवा

प्रश्न : मुलगा-सून दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला जातात, ते गुढीपाडव्यालाच परततात. नात तिसरीत आहे. मला कमी दिसतं, दोन वेळचा स्वयंपाक होत नाही, म्हणून गेल्या साली तिला सोबत पाठवली. तिकडच्या शाळेनं दाखल्यावाचून घेतलं नाही. पोर कोपीवर, तिथल्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत बसली. यंदा काय करू?
– एक आजी, बीड जिल्हा (पत्र शेजारच्या मुलाकडून लिहून घेतलं आहे)

उत्तर : आजी, अशा घरांसाठीच हंगामी वसतिगृह असतं. नावाला घाबरू नका, पोर कुठं लांब जात नाही. शाळा तीच, आपली जिल्हा परिषदेची. सकाळ-संध्याकाळचं जेवण तिथं, दुपारी पोषण आहार आहेच, आणि रात्री झोपायला तुमच्याजवळ.

पण हे आपोआप सुरू होत नाही. हेडमास्तर बाहेर जाणाऱ्या घरांची यादी करतात, शाळा व्यवस्थापन समिती ठराव घेते, मग प्रस्ताव वर जातो. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवरचा अधिकारी होतो तेव्हा एका साली मंजुरी येईस्तोवर गाड्या कारखान्यावर पोचल्या होत्या, आणि गाड्यांत पोरंही. म्हणून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतले की त्याच आठवड्यात मुलाला शाळेत पाठवा, नाव घालून येऊ द्या. समितीत पाऊण सभासद पालक असतात, निम्म्या बायका. तुमच्या आळीतली कुणी असेल तर तिच्या मागं लागा. साहेबाला अर्ज करण्यापेक्षा ते लवकर लागू पडतं.

तरीही न्यायचीच वेळ आली, तर निघताना शाळेतून शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचं पत्र घ्या आणि पुस्तकं पिशवीत घाला. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम तसं स्पष्ट सांगतं. गेल्या साली तुम्हाला परत पाठवलं ते चूकच. मात्र कारखाना कर्नाटकात असेल तर जवळची शाळा बहुधा कानडी. तिथं हमी पत्रक काय कामाचं?

धाकटा केवढा आहे ते लिहिलं नाहीत. तीन वर्षांचा झाला असेल तर त्यालाही ठेवून घ्या, अंगणवाडीत बसेल, खाऊही मिळेल. खरं सांगू का, नात नेली जाते ती त्याला सांभाळायला.