कोरोनातले ११० डबे आणि वाकडचा गाळा

प्रश्न (जून २०२२) : मी चिंचवडला राहते, वय ४३. सप्टेंबर २०२० मध्ये आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं कोरोनामुळे घरात अडकली. त्यांना डबे द्यायला लागले आणि त्यातूनच धंदा उभा राहिला. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ ला, रोज ११० डबे जायचे. आता ४५ जातात. डबा ९० रुपयांना देते. किराणा, भाजी, गॅस, पॅकिंग मिळून ५२ रुपये लागतात आणि पोचवणारा मुलगा डब्यामागे ११ घेतो. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना महिना ८ हजार देते. महिन्याचे २६ दिवस काम चालतं. दीर म्हणतात, हिंजवडीच्या आयटी कंपन्या उघडल्या आहेत, कोरोनानंतर बाजार झेप घेणार, वाकडला गाळा घेतला तर रोज २०० डबे सहज जातील. भाडं २८ हजार. अनामत, स्वयंपाकघराची यंत्रं, गाडी आणि खेळतं भांडवल धरून १४ लाख लागतील. त्यात माझी बचत ४ लाख, मिस्टरांच्या पीएफमधून कोविडच्या नावाखाली ३ लाख आणि लहान धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतून कर्ज ७ लाख असा विचार आहे. मिस्टर ४८ वर्षांचे आहेत, एका कारखान्यात आहेत, पगार ३८ हजार. घरकर्जाचा हप्ता १३,५०० आहे, अजून नऊ वर्षं. मुलगी अकरावीत. काय करावं?

उत्तर :

ताई, आधी उत्तर सांगते, मग हिशेब. गाळा आत्ता घेऊ नका. पीएफला हात लावू नका. आणि डब्याचा भाव १०० रुपये करा. भावाचं तुम्ही विचारलंच नव्हतं, पण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा पैसा तिथेच पडून आहे.

११० हा आकडा पहिल्यांदा डोक्यातून काढा. त्या दोन महिन्यांत घरोघरी माणसं आजारी होती, कामवाल्या मावशींना सोसायटीत येऊ देत नव्हते, खानावळीत बसून जेवता येत नव्हतं. ते गिऱ्हाईक नाइलाजाने आलं होतं आणि नाइलाज संपल्यावर गेलं. सगळं उघडल्यावरही, घरात चूल पेटत असतानाही, जे ४५ जण तुमचा डबा मागवतात ते तुमचं खरं गिऱ्हाईक. हा आकडा लहान वाटतो, पण तो परीक्षा देऊन टिकलेला आहे. ते ४५ जण कोण, हे एकदा वहीत लिहून काढा. मुलं परदेशी असलेली म्हातारी जोडपी किती, एकटे राहणारे नोकरदार किती, दोघंही कामावर जाणारी घरं किती. माझा अंदाज आहे की त्यातली बरीचशी मंडळी हिंजवडीला नाही, तुमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर राहतात.

आता झेपेबद्दल. ३१ मे २०२२ ला सरकारने जे आकडे दिले त्यात २०२१-२२ ची वाढ ८.७ टक्के आहे. छानच. पण आदल्या वर्षी अर्थव्यवस्था ६.६ टक्क्यांनी आकसली होती. दोन्ही मिळून पाहिलं तर २०२१-२२ मध्ये आपण २०१९-२० च्या फक्त दीड टक्का पुढे होतो, दोन वर्षांनी. आणि त्यातला व्यापार, हॉटेल, वाहतूक, दळणवळण हा गट, म्हणजे तुमच्या धंद्याचं बिऱ्हाड जिथे आहे तो, २०२१-२२ मध्येही महासाथीआधीच्या पातळीच्या सुमारे ११ टक्के खालीच होता. दीर चुकीचं ऐकून आले आहेत असं नाही. वाढीचा दर ऐकून आले आहेत, पातळी कुणी सांगितली नाही.

हिंजवडीचंही तसंच. कचेऱ्या उघडल्या हे खरं, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस येणारा माणूस महिन्याचा डबा लावत नाही. टीसीएस या आयटी कंपनीने तर तेव्हा २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त कर्मचारी कचेरीत नसतील असं धोरण जाहीर केलं होतं.  पाच वर्षांचा हप्ता कचेऱ्यांमधल्या गर्दीच्या भरवशावर घ्यायचा का, हा प्रश्न आजच आहे.

चला, हिशेबाला बसू. आज एका डब्यामागे तुमच्या हाती ९० वजा ६३, म्हणजे २७ रुपये राहतात. महिन्याला ११७० डबे, म्हणजे ३१,६०० च्या आसपास. मावशींचे ८ हजार गेले की २३,६००. ही तुमच्या पहाटे पाचपासूनच्या मेहनतीची मजुरी आहे.

गाळ्यात गेलात की दर महिन्याला ठरलेला खर्च असा पडेल : भाडं २८ हजार, स्वयंपाकी आणि मदतनीस मिळून कमीत कमी ३४ हजार, वीज, पाणी, साफसफाई, दुरुस्ती ७ हजार, आणि ७ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी धरलं तर हप्ता १५,२२०. एकूण ८४,२००. डब्यामागे २७ प्रमाणे हे भरून काढायला रोज १२० डबे हवेत. तेही फक्त खर्च भागायला, तुमच्या हातात शून्य. आज घरी बसून मिळतात ते २३,६०० मिळवायचे तर रोज १५४.

इथे आणखी एक खड्डा आहे, तो दिरांनी सांगितला नसेल. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. ९० रुपयांच्या भावाने ही रेघ रोज साधारण ७१ डब्यांवर येते. शिजवलेल्या अन्नावर ५ टक्के कर, आणि किराणा-पॅकिंगवर तुम्ही भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. गिऱ्हाइकाकडून वेगळे घेतले नाहीत तर ९० मधले सव्वाचार रुपये सरकारला जातील आणि तुमच्याकडे डब्यामागे २७ चे २२.७० उरतील. मग खर्च भागायलाच रोज १४३ डबे लागतात, आणि आजची मिळकत टिकवायला १८३. म्हणजे दिरांचे २०० डबे खरोखर गेले, पहिल्या महिन्यापासून गेले, एकही दिवस खाडा झाला नाही, तरी तुम्ही आजच्यापेक्षा जेमतेम दहा हजारांनी पुढे. त्यासाठी १४ लाख अडकवायचे?

एरवी मी लोकांना धंदा वाढवू नका असं सहसा सांगत नाही. पण डब्याच्या धंद्यात साधारण ७० ते १८० मधली जागा वाईट असते. घरगुती धंद्याचा स्वस्तपणा गेलेला असतो आणि मोठ्या खानावळीची घाऊक खरेदी अजून आलेली नसते.

म्हणून भाव. तेल कुठून कुठे गेलं ते तुम्हीच रोज बघता. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता, आणि इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली तेव्हा आपल्याकडच्या कढईपर्यंत झळ आली. अशा वर्षात दहा रुपये वाढवले म्हणून कुणी तोंड फिरवणार नाही. समजा पाच जण गेलेच. उरलेल्या ४० डब्यांवर १०० च्या भावाने डब्यामागे ३७ रुपये मिळतात. मावशींचे पैसे देऊन महिन्याला ३०,४८०. गिऱ्हाईक कमी, काम कमी, आणि हातात सात हजार जास्त.

पुढची पायरी रोज ६० डबे. दुसऱ्या लाटेत तुम्ही याच ओट्यावर ११० केले आहेत, तेव्हा ६० ना जागा पुरेल. मदतीला आणखी एक बाई ९ हजारांवर धरली तरी ४० हजारांच्या वर शिल्लक राहते. मिस्टरांच्या पगाराहून थोडी जास्तच. वर्षाची उलाढाल १८ लाख ७२ हजार होते, म्हणजे जीएसटीच्या रेघेच्या आत. कणीक मळायचं यंत्र, मोठा फ्रीज, चांगले डबे यांना तुमच्या ४ लाखांतले लाखभर पुरतील. उरलेले तीन लाख बँकेत मुदत ठेवीत ठेवा. घरात दुसरी बचत दिसत नाही आणि मुलीची बारावी पुढच्या वर्षी आहे.

एक शंका मात्र आहे. ५२ रुपयांत गॅस धरला आहे म्हणता, तो घरगुती सिलिंडरचा भाव असेल तर हिशेब चुकला. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरावा लागतो. तो धरून आकडा पुन्हा काढा. डब्यामागे दोन-तीन रुपये वाढले तर १०० चा भावही थोडा वर न्यावा लागेल.

पीएफचं. २०२२ च्या नियमांत नोकरीत असताना पीएफमधून धंद्यासाठी पैसे काढायची सोयच नव्हती. कोविडच्या कारणाने तेव्हा जी उचल मिळत होती तिची मर्यादा शिलकीच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, यातलं जे कमी असेल ते. ३८ हजार पगारात मूळ आणि महागाई भत्ता मिळून २० हजार धरले तर ६० हजार मिळाले असते. तीन लाख नाहीत. तेव्हा तुमचा १४ लाखांचा ताळेबंद इथेच तुटतो, आणि मला वाटतं बरंच झालं. २०२१-२२ साठी ८.१ टक्के व्याज जून २०२२ मध्ये मंजूर झालं. कित्येक वर्षांतलं कमी, म्हणून लोक नाराज होते, तरी याच दराने तीन लाखांचे दहा वर्षांत साडेसहा लाख होतात. निवृत्तीला मिस्टरांच्या हाती दुसरं काय आहे?

कर्जाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेने मे आणि जून २०२२ मध्ये मिळून रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून ४.९० टक्क्यांवर नेला, त्यामुळे सगळे व्याजाला घाबरले होते. पण ७ लाखांवर व्याज एक टक्क्याने वाढलं तर तुमचा हप्ता साडेतीनशे रुपयांनी वाढतो. घरकर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर तिथे पाचेकशे. धंदा व्याजाने बुडत नाही, तो रिकाम्या गाळ्याच्या भाड्याने बुडतो. २०२० च्या टाळेबंदीत हप्ते सहा महिने पुढे ढकलता आले (व्याज मात्र चढत राहिलं), पण घरमालकाला तशी सक्ती नव्हती. कधीकाळी गाळा घेतलातच तर करारात दोन गोष्टी लिहून घ्या : तुम्हाला कितव्या महिन्यात सोडून जाता येईल, आणि सरकारी आदेशाने दुकान बंद राहिलं तर भाड्याचं काय.

मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. बँकेने घराचे कागद मागितले तर चहा पिऊन उठून या. पीएमईजीपी, म्हणजे उद्योग सुरू करायला कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना, तिच्याबद्दलही कुणी तरी सांगेल. मे २०२२ अखेरीस केंद्राने ती योजना पुढे चालू ठेवली आणि सेवा उद्योगाची मर्यादा २० लाख केली. शहरात स्त्रियांना २५ टक्के अनुदान आहे. पण ती नव्या उद्योगाला आहे, चालू धंद्याला नाही. 'नवा म्हणून दाखवून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्या नादी लागू नका. शिवाय ते अनुदान तीन वर्षं बँकेत अडकलेलं असतं, हातात येत नाही.

भाजणी, मेतकूट, चटण्या, दिवाळीचा फराळ यांचा विचार केलाय का? टिकणारा माल आहे, आज विकला नाही तर उद्या विकतो, आणि पुण्याचा फराळ परदेशातही जातो. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत अशा कामाच्या यंत्रांना ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अनुदान आहे, स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. डब्यांना ती लागू नाही. घाई नको, पण येत्या दिवाळीला पन्नास किलोवर हात बसवून बघायला हरकत नाही.

आणि कागदपत्रं. २०२० मध्ये सरकारने लहान उद्योगांना हमीवर तातडीचं कर्ज दिलं, तीन लाख कोटींची योजना. पण ते २९ फेब्रुवारी २०२० ला ज्यांचं बँकेत कर्ज होतं त्यांनाच, त्या कर्जाच्या २० टक्के. घरातून डबे देणाऱ्या बायांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. पुढच्या संकटात तरी तुमचं असावं. 'उद्यम' नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नाव लावणं, संकेतस्थळावर फुकट होते, त्याचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. धंद्याचं वेगळं बँक खातं उघडा, डब्याचे पैसे यूपीआयने तिथेच घ्या, यंदापासून प्राप्तिकराचं विवरणपत्र भरा. अन्नपरवान्याकडेही बघा : २०२२ च्या नियमाने १२ लाखांपर्यंत साधी नोंदणी चालते, पण तुमची आजचीच उलाढाल १२ लाख ६० हजारांच्या पुढे जाते. राज्याचा परवाना लागेल.

दिरांना दुखवू नका, त्यांना काम द्या. त्यांच्या ओळखी हिंजवडीत असतील तर महिन्याचे २,६०० रुपये आगाऊ भरणारी माणसं आणायला सांगा. तोंडी 'घेऊ की' म्हणणारी नकोत. १०० च्या भावाने, जीएसटी आणि गाळ्याचा सगळा खर्च धरूनसुद्धा, तुमची आजची मिळकत राखायला रोज १२९ डबे लागतात. घरचे आणि हिंजवडीचे मिळून आगाऊ पैसे भरणारे १३० जण सलग तीन महिने टिकले, की त्या तीन महिन्यांचं बँक खात्याचं विवरण घेऊन मला पुन्हा लिहा. तेव्हा गाळ्याचं बोलू.