तळ्यातला मासा ओढ्याला का चढतो?

प्रश्न : मृगाचा पाऊस लागला की आमच्या गावतळ्यातून ओढ्याला चढणीचे मासे लागायचे. रस्त्याला पाइपांची मोरी झाल्यापासून वरच्या शिवारात ते येत नाहीत. थंड मुलखातला ट्राउट मासाही असाच चढतो म्हणतात. तो आपल्याकडे सोडता येईल का? आणि मोरीचे काय करावे?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ट्राउटला साधारण 20 अंशांच्या आतले थंड पाणी लागते. आपल्या उन्हाळ्यात तो तगणार नाही, म्हणून तो विचार सोडा. त्याची रीत मात्र समजून घेण्यासारखी आहे. विणीच्या वेळी तो तळ्यातून ओढ्यात जातो. मादी शेपटीने खडीत खळगा उकरते, अंडी घालते आणि वरच्या अंगाची खडी ढकलून ती झाकते. 10 अंशांच्या पाण्यात रेनबो ट्राउटची अंडी फुटायला महिनाभर लागतो. तेवढे दिवस खडीच्या फटींतून पाणी खेळते राहावे लागते; वर गाळ बसला तर प्राणवायू तुटून अंडी जागीच मरतात. पिल्ले बहुधा वर्ष-दोन वर्षे ओढ्यात वाढून तळ्यात उतरतात. म्हणजे तळे कितीही राखले, तरी ओढ्याची वाट बंद झाली की तिथली वीण थांबते.

तुमच्या मोरीच्या खालच्या तोंडाशी पाहा. पाइपातून धार उंचावरून पडत असेल, तर लहान मासा तिथेच अडतो. उडी साधली तरी आतल्या गुळगुळीत तळावर पाणी जोरात धावते आणि दम खायला आडोसा नसतो.

उन्हाळ्यात, रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घेऊन, खालच्या अंगाला ओढ्यात दगडांच्या आडव्या ओळी घाला. एका ओळीवरून दुसरीवर पाण्याची पायरी 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. दगड निम्मे तरी तळात गाडा, नाहीतर पहिल्याच लोंढ्यात जातील. फटी खडीने भरा. त्या उघड्या राहिल्या तर पाणी दगडांखालून निघून जाते आणि वर मासा पोहण्याइतके उरत नाही. मधला भाग जरा खोलगट ठेवा. वरच्या ओळीचे पाणी पाइपात थोडे मागे तुंबले पाहिजे. मोरीचे तोंड मात्र बुजवू नका. नवी मोरी होणार असेल तर ती ओढ्याच्या पात्राइतकी रुंद मागा आणि पाइपाचा खालचा पाचवा हिस्सा तळात गाडून घ्या.

आणि कृपा करून पहिल्या पुरात मोरीखाली जाळे लावू नका. अडलेल्या माद्या तिथेच गोळा होतात, त्यांची पोटे गाबोळीने भरलेली असतात.

प्रश्न : तळ्यात मासे कमी झालेत. झपाट्याने वाढणारा आफ्रिकन मांगूर सोडावा का?
– एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : मुळीच नको. त्याच्या पालनावर भारतात 2000 सालापासून बंदी आहे. तो खादाड आहे, पुरात निसटून नदीलाही लागतो. बाहेरचा मासा काय करतो ते अमेरिकेतल्या यलोस्टोन तलावात दिसले. तिथल्या क्लिअर क्रीक या एकाच ओढ्यात 1978 मध्ये तिथल्या मूळच्या कटथ्रोट जातीचे 70 हजारांवर ट्राउट चढले होते. कोणीतरी तलावात सोडलेला लेक ट्राउट हा बाहेरचा, मासे खाणारा मासा 1994 मध्ये सापडला. त्याने कटथ्रोट फस्त केले. रोग आणि दुष्काळाचीही भर पडली. 2007 पर्यंत त्या ओढ्यात चढणारे काहीशेच उरले. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो, तलावातच वितो. त्यामुळे ओढ्यात मासे धरणाऱ्या अस्वलांच्या तोंडचा घासही गेला.