शंखी गोगलगाय: नर-मादी शोधू नका, मोठी आधी वेचा

प्रश्न (सोयाबीन उत्पादक, औसा तालुका): रात्री बॅटरी घेऊन गेलं की धुऱ्यावर गोगलगायींच्या जोड्या चिकटलेल्या दिसतात. त्यातली मादी कशी ओळखायची? माद्याच मारल्या तर पैदास थांबेल का?

उत्तर: दादा, तुम्ही रात्री शेतात जाऊन पाहिलंत, हे फार चांगलं केलंत. पण या आफ्रिकी शंखी गोगलगायीत नर वेगळा, मादी वेगळी असं नसतंच. प्रत्येकीच्या अंगात दोन्ही अवयव असतात. वयात येताना आधी शुक्राणू तयार होतात, अंडी नंतर. म्हणून मोठ्या शंखाची, म्हणजे अंडी घालायच्या वयातली गोगलगाय जास्त धोक्याची.

एक गोगलगाय दुसरीच्या शंखावर चढते, दोघी डोकी उंचावून एकमेकींना घासतात. पुष्कळदा दुसरी दाद देत नाही आणि तिथंच सगळं संपतं. जुळलं तर मात्र मीलन कित्येक तास चालतं, आणि बरोबरीच्या मोठ्या जोडीत दोघीही फळतात. मिळालेले शुक्राणू त्या महिनोन्‌महिने साठवून ठेवतात. त्यामुळे धुऱ्यावर एकटी राहिलेलीसुद्धा पुढे अंडी घालते, एका खेपेला शंभर ते चारशे. अमेरिकेत मायामीला १९६६ साली एका मुलानं तीन गोगलगायी आणल्या, त्या बागेत सोडल्या गेल्या. सात वर्षांत अठरा हजारांवर सापडल्या. तुम्ही वेचूनही पुन्हा दिसतात त्याचं कारण हेच.

म्हणून पहिल्या पावसानंतर, अंडी पडण्याआधीचे दिवस वाया घालवू नका. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी धुऱ्याकडेला टाका, सकाळी खाली जमलेल्या वेचा. चिकटलेली जोडी दिसली तर दोन्ही उचला. हातमोजे घालाच, कारण त्यांच्यातल्या जंतामुळे माणसाच्या मेंदूला सूज येऊ शकते. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवून मारा. शेतात मीठ टाकू नका, जमीन बिघडेल. दगडाखाली, ओल्या भुसभुशीत मातीत पांढरट-पिवळसर, ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंड्यांचे पुंजके सापडले तर तेही त्याच बादलीत.

सोयाबीन दुपानी असताना प्रादुर्भाव फारच असेल, तरच मेटाल्डिहाइड या गोगलगायींवरच्या विषाच्या गोळ्या वापरा, त्याही पाकिटावरच्या मात्रेनं. कुत्री, कोंबड्या आणि जनावरं तिथून लांब ठेवा. कुत्र्याचा तर जीव जातो.

शेजारच्या धुऱ्यावर तशाच राहिल्या तर तुमची मेहनत वाया जाईल. म्हणून वेचायला शेजाऱ्यांनाही त्याच सकाळी बोलवा.