'स्टॅटिक अ‍ॅनालिसिस': स्थिर की स्थितिक?

प्रश्न: नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या मुलांसाठी मराठी टिपणं लिहितो आहोत. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्राम तपासणारी टूल्स कशी बांधतात, या प्रकरणात 'स्टॅटिक अ‍ॅनालिसिस'ला 'स्थिर विश्लेषण' म्हटलं तर चालेल का?

उत्तर: 'स्थिर' नको. स्थिर सरकार, स्थिर भाव; जे डळमळत नाही ते स्थिर. इथे विश्लेषण डळमळतं की नाही हा मुद्दाच नाही. प्रोग्राम न चालवता, नुसता कोड किंवा बाइटकोड (कम्पायलरने कोडपासून बनवलेलं रूप) वाचून तपासायचा, एवढंच सांगायचंय. 'स्थितिक विद्युत' शाळेपासून कानावर आहे, म्हणून मथळ्यात 'स्थितिक विश्लेषण' आणि जोडीला 'गतिक विश्लेषण' (प्रोग्राम चालवून केलेलं) घ्या. पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे न चालवता केलेली तपासणी' असं जोडा.

मुलांना फरक पैसेवारीवरून, म्हणजे पीक किती येईल याच्या सरकारी अंदाजावरून, समजेल. उभं पीक पाहून काढतात ती नजर अंदाज पैसेवारी. पीक कापणी प्रयोगात ठरावीक तुकडा कापून वजन करतात. दुसरं गतिक: आकडा खरा, पण त्या तुकड्यापुरता. उपमा इथेच सोडा, कारण स्थितिक विश्लेषणाला सरासरी नको असते, एकही शक्य वाट सुटू नये ही अपेक्षा असते.

खरा घोळ पुढे आहे. जावातला 'स्टॅटिक' हा कीवर्ड वेगळा: तो लावलेली मेथड (नाव दिलेलं काम) ऑब्जेक्टची नसून क्लासची; क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून बनलेला नग. त्याचं भाषांतर करूच नका, 'स्टॅटिक मेथड' असंच ठेवा. नाहीतर 'स्थितिक मेथडचं स्थितिक विश्लेषण' वाचून मुलं दोन्हींचं नातं शोधत बसतील. (ऑब्जेक्ट-ओरिएंटेडला 'वस्तुनिष्ठ'ही नको, तो शब्द परीक्षेच्या पेपरातल्या प्रश्नांनी अडवलाय.)

उदाहरण असं घ्या. 'शेतमाल' हा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास, म्हणजे ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही असा. कांदा, द्राक्ष, टोमॅटो हे त्याचे सबक्लास, प्रत्येकाची भाव() वेगळी. 'माल.भाव()' हा कॉल कुठे जाईल? स्टॅटिक मेथड असती तर उत्तर एकच. इथे मात्र ऑब्जेक्ट कोणता यावर चालताना ठरतं. 1995 साली मांडलेलं क्लास हायरार्की अ‍ॅनालिसिस वंशावळ पाहून कॉल ग्राफमध्ये (कोणती मेथड कोणाला बोलावते याच्या नकाशात) तिन्ही फाटे काढतं. 1996 चं रॅपिड टाइप अ‍ॅनालिसिस विचारतं, 'न्यू' कोणाकोणाचं झालंय, म्हणजे कोडात कोणाचे ऑब्जेक्ट बनवलेत? फक्त कांदा आणि द्राक्ष असतील, तर दोनच फाटे. जादा फाट्यांमुळे येतो तो 'खोटा इशारा', तुटलेल्या फाट्यामुळे राहतो तो 'निसटलेला दोष'. हे दोन्ही शब्द बिनधास्त वापरा.

निसटण्याचं नेहमीचं कारण रिफ्लेक्शन, म्हणजे क्लासचं नाव चालताना मजकुरातून घेऊन त्याचा ऑब्जेक्ट बनवणं. टोमॅटो क्लासचं नाव सेटिंग्जच्या फाइलमधून वाचून ऑब्जेक्ट बनवला, तर कोडात 'न्यू टोमॅटो' दिसतच नाही. टूल टोमॅटोच्या भाव()ला 'मृत कोड' (कधीच न चालणारा) ठरवतं, कोणी तो क्लास काढून टाकतं, कम्पायलर गप्प राहतो आणि प्रोग्राम चालताना कोसळतो. म्हणून अशी नावं टूलला वेगळ्या यादीत द्यावी लागतात.