दोन हजार थेंबांतला एक

माटुंगा, मुंबई

अनेक आशीर्वाद.

पाण्यातला ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, ओळखणाऱ्या तुझ्या सेन्सर-पट्टीचा आलेख पाहिला. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर प्रोब, म्हणजे डीएनएचा छोटा एकेरी धागा, बसवला, ई. कोलायच्या जनुकाचा जोडीदार धागा येऊन त्याला बिलगला आणि करंट बदलला. छान. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे तो करंट मोजणारं यंत्र, घरी जुळवलास, त्याचं मला आलेखाहून जास्त कौतुक वाटलं.

आता एक हिशेब मांड. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, म्हणतं की १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय सापडताच कामा नये. तुझ्या पट्टीवर मावतो ५० मायक्रोलिटरचा थेंब. म्हणजे १०० मिलिलिटरचे २००० थेंब झाले. त्यात जंतू एकच असेल, तर तो नेमका तुझ्या थेंबात यायची शक्यता दोन हजारांत एक. तो पट्टीपर्यंत पोचलाच नाही तर पट्टी बापडी काय करणार?

तेव्हा काही दिवस इलेक्ट्रोड बाजूला ठेव आणि गाळणीला लाग. ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून सगळं पाणी ओढायचं, अडकलेले जंतू चिमूटभर द्रवात उतरवायचे, फोडायचे. त्यांचा डीएनए दुहेरी असतो; तापवून धागे सुटे केल्याशिवाय प्रोबला जोडीदार मिळायचा नाही. तू विकतचा एकेरी धागा वापरलास, म्हणून ही अडचण अजून दिसली नाही. काम कंटाळवाणं आहे. खर्चही इथेच होतो, पण 'स्वस्त सेन्सर' म्हणणारे पट्टीचीच किंमत सांगतात!

रोज एक कोरा, म्हणजे जंतू नसलेल्या पाण्याचा, नमुनाही लाव. आम्ही एकदा टाकीच्या पाण्यात सिग्नल मिळाला म्हणून पेढे वाटले होते. दुसऱ्या दिवशी डिस्टिल्ड वॉटरनेही तोच सिग्नल दिला. जुलैच्या दमट हवेत पट्ट्यांचा डबा उघडा राहिला होता. पेढे तोवर संपले होते.

आणखी एक. क्लोरीनने मेलेल्या जंतूचा डीएनएही काही काळ पाण्यात टिकतो, आणि पट्टीला जिवंत-मेलेला कळत नाही. चाळीतल्या काकू विचारणार, "पाणी उकळायचं की नाही?" त्यासाठी निदान सुरुवातीला प्रत्येक नमुना कल्चरलाही लाव, म्हणजे जिवंत जंतू वाढतात का ते बघ, दिवसभर थांबावं लागलं तरी.

रविवारी लालबागला टाकीचं पाणी आणायला जाऊ. निर्जंतुक बाटल्या तू आण. आत सोडियम थायोसल्फेट आधीच टाकून ठेव, नाहीतर नळातलं क्लोरीन परतीच्या लोकलमध्येही जंतू मारत बसेल.

तुझा,
सर