इजिप्तची दहा दिवसांची कौटुंबिक सहल स्वतः कशी आखावी?

तुमचा प्रश्न असा आहे : जानेवारीत दहा दिवस हाताशी आहेत, बरोबर बारा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेले वडील आहेत, घरात सगळे शाकाहारी आहेत; अशा वेळी सहल कंपन्यांचा ‘कैरो, अलेक्झांड्रिया, नाईल क्रूझ, हुरघाडा’ हा ठरलेला कार्यक्रम न घेता इजिप्तची सहल स्वतः आखणे जमेल का? नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे कैरोत राहिलो आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना, त्यांत वयस्कर मंडळीही असत, घेऊन दक्षिणेकडे वारंवार गेलो. त्या अनुभवावरून सांगतो की हे नक्की जमेल. मात्र आधी अलेक्झांड्रिया आणि लाल समुद्राकाठचे हुरघाडा कार्यक्रमातून काढून टाका आणि वाचलेले दिवस दक्षिणेकडील लक्सर शहरासमोरच्या, नाईलच्या पश्चिम काठाला द्या.

हे इतके ठामपणे सांगण्याचे कारण असे की, बहुतेकांची आखणी पिरॅमिडभोवती फिरते आणि बाकीचे सगळे उरलेल्या वेळात बसवले जाते. गिझाचे पिरॅमिड पाहावेत यात वादच नाही, पण त्यांच्या आत भिंतींवर ना चित्रे आहेत ना लेख. प्राचीन इजिप्तची माणसे काय पेरत होती, काय खात होती, मेल्यावर कुठे जाऊ म्हणून आशा धरून होती, हे कळते ते कैरोजवळच्या सक्कारा येथील अधिकाऱ्यांच्या थडग्यांतून आणि लक्सरसमोरच्या डोंगरातल्या कबरींतून. ज्यांनी केवळ गिझा, लक्सरचे कर्नाक मंदिर आणि दक्षिण टोकाची अबू सिंबेलची मंदिरे पाहिली, ते फक्त राजे पाहून परततात.

म्हणून कैरोत पोचल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण दिवशी गिझाला न जाता दिवसभराची गाडी करून सक्कारा आणि दहशूर येथे जा. सक्कारा शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी राजा जोसेरसाठी इम्होतेपने बांधलेला पायऱ्यांचा पिरॅमिड तिथे आहे आणि पुढच्या सगळ्या पिरॅमिडांची सुरुवात त्यापासून होते. दहशूरला राजा स्नेफेरूचा वाकडा पिरॅमिड दिसतो. बांधकाम अर्ध्यावर आल्यावर त्याच्या बाजूंचा कोन सुमारे ५४ अंशांवरून ४३ अंशांवर आणला गेला, आणि ती मोड आजही लांबून स्पष्ट दिसते. त्याच राजाचा लाल पिरॅमिड शेजारीच असून त्याचा उतार पहिल्यापासूनच कमी ठेवलेला आहे. स्नेफेरूचा मुलगा खुफू याने गिझाचा मोठा पिरॅमिड उभारला. हा क्रम डोळ्यांखालून गेलेला असला की दुसऱ्या दिवशी गिझाच्या पठारावर उभे राहताना तुमच्या मुलीला तो आकार कुठून आला हे सांगावे लागणार नाही.

सक्कारा येथे पायऱ्यांच्या पिरॅमिडपाशी रेंगाळण्यापेक्षा ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या मस्तबासाठी, म्हणजे सपाट माथ्याच्या दगडी थडग्यासाठी, तासभर राखून ठेवा. तिथल्या एका भिंतीवर गुरे नदी ओलांडताना कोरली आहेत. एका गुराख्याने लहान वासराला पाठीवर घेतले आहे, आणि ते वासरू मान मागे वळवून पाण्यातून येणाऱ्या आपल्या आईकडे पाहते आहे. पाण्याच्या रेषा गुरांच्या पायांवरून अशा काढल्या आहेत की पाय पाण्यातून दिसावेत. हे शिल्प सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहे, आणि ज्याने ते कोरले त्याने असे वासरू प्रत्यक्ष पाहिले असणार याविषयी माझ्या मनात कधी शंका आली नाही.

तिसरा दिवस गिझा आणि ग्रँड इजिप्शियन म्युझियमचा. पठारावर दार उघडताच सकाळी पोचा. आता आत विजेवर चालणाऱ्या बस असल्याने वडिलांना फार चालावे लागणार नाही. मोठ्या पिरॅमिडच्या आत जाण्याचे तिकीट मात्र त्यांच्यासाठी काढू नका, कारण आतली वाट चढी, काही ठिकाणी वाकून जाण्याची आणि कोंदट आहे. पठाराजवळचे हे नवे संग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुले झाले आणि तुतनखामून या राजाच्या कबरीतील पाच हजारांहून अधिक वस्तू तिथे प्रथमच एकत्र मांडल्या आहेत. त्याचे ठरावीक वेळेचे तिकीट आधीच ऑनलाइन काढा, दुपारनंतरची वेळ घ्या आणि सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नका. तुतनखामूनची दालने आणि प्रवेशद्वाराजवळचा राजा रामसेस दुसरा याचा भव्य पुतळा एवढे निवांत पाहिले तरी दिवस भरून जातो.

चौथ्या दिवशी सकाळी विमानाने थेट दक्षिणेकडील असवानला जा. कैरोहून रात्रीची झोपण्याची सोय असलेली रेल्वेही आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिचा रात्रभराचा हिसका नको. असवानला दुपारी होडीने फिली मंदिर पाहा. धरणांच्या पाण्यात बुडालेले हे मंदिर सुटे करून शेजारच्या उंच बेटावर पुन्हा उभारले आहे, आणि चित्रलिपीतला काळ ठाऊक असलेला शेवटचा लेख, इ.स. ३९४ चा, तिथेच आहे. पाचव्या दिवशी पहाटे अबू सिंबेल. हे अंतर एका बाजूने सुमारे २८० किलोमीटर आहे आणि रस्ता वाळवंटातून जातो. असवानच्या उंच धरणामुळे तयार होणाऱ्या नासर सरोवरात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने इथली दोन्ही मंदिरे कापून, सुमारे ६५ मीटर उंचावर नेऊन पुन्हा जोडली गेली. गाडीवाल्याला सर्वांच्या पासपोर्टच्या प्रती आदल्या दिवशीच द्याव्या लागतात, हे लक्षात ठेवा. पहाटे वाळवंटात चांगलीच थंडी असते, त्यामुळे वडिलांसाठी शाल आणि कानटोपी गाडीतच ठेवा.

आता क्रूझचा प्रश्न. असवान ते लक्सर बोटीने साधारण तीन रात्री जातात. त्या तीन रात्रींत वाटेवर कोम ओम्बो आणि एडफू ही दोन मोठी मंदिरे पाहायला मिळतात, आणि अनेक क्रूझ लक्सरचा पश्चिम काठ एका सकाळीत उरकतात. विश्रांती हाच सहलीचा मुख्य हेतू असेल तर क्रूझ उत्तम आहे, आणि वयस्कर माणसांना तिचा आराम मानवतो, हेही खरे. तरीही दहाच दिवस असताना मी क्रूझ घेणार नाही. सहाव्या दिवशी सकाळी असवानहून गाडी करा, वाटेत ही दोन्ही मंदिरे पाहा आणि संध्याकाळी लक्सरला मुक्कामाला या. कोम ओम्बोच्या आवारातील मगरींच्या ममींचे छोटे संग्रहालय मुलीला फार आवडेल. नदीचा आनंद हवा असेल तर असवानला एक संध्याकाळ फेलुका या शिडाच्या होडीतून फिरा.

लक्सरला तीन दिवस द्या, आणि शक्य असेल तर मुक्काम पश्चिम काठावरच करा. तिथली राहण्याची ठिकाणे साधी आणि शांत असतात, आसपास उसाची शेते आहेत आणि सकाळी पूर्व काठावरून बस येण्याआधी तुम्ही कबरींपाशी पोचलेले असता. पूर्व काठावरच्या कर्नाकसाठी या तीन दिवसांतल्या शेवटच्या दिवसाची सकाळ ठेवा. त्याच्या १३४ खांबांच्या दालनात ऊन तिरपे असतानाच जावे.

राजांच्या दरीत, म्हणजे व्हॅली ऑफ द किंग्जमध्ये, साध्या तिकिटावर तीन कबरी पाहता येतात, आणि तुतनखामून, सेती पहिला व रामसेस सहावा यांच्या कबरींना वेगळे तिकीट लागते. तुतनखामूनची कबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला सापडली. ती लहान आहे, आतला खजिना आता गिझाजवळच्या नव्या संग्रहालयात आहे, त्याची ममी मात्र अजून तिथेच आहे. जास्तीचे एकच तिकीट काढायचे असेल तर मी रामसेस सहाव्याचे काढीन. त्या कबरीच्या छतावर नूत ही आकाशदेवता दोनदा, पाठीला पाठ लावून रंगवली आहे. संध्याकाळी ती सूर्याला गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला पुन्हा जन्म देते. वडिलांसाठी रामसेस चौथ्याची कबर निवडा, कारण ती दरीच्या तोंडाशीच आहे आणि आतला उतार सौम्य आहे. तुथमोस तिसऱ्याच्या कबरीकडे त्यांना नेऊ नका, तिथे आधी उंच जिना चढून मग खाली उतरावे लागते. मार्गदर्शकाला कबरींच्या आत समजावून सांगण्याची मुभा नसते, म्हणून काय पाहायचे ते बाहेरच नीट विचारून घ्या.

तिथून जवळच देर अल्-मदिना आहे, आणि सबंध सहलीत मला सर्वांत जवळचे वाटणारे ठिकाण हेच. राजांच्या कबरी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर इथे कुटुंबांसह राहत. त्यांच्या घरांचे पाये आणि अरुंद गल्ली आजही दिसते. शेजारच्या उतारावर त्यांनी स्वतःसाठी खोदलेल्या कबरी आहेत. त्यांपैकी सेनेजेम या कारागिराच्या छोट्या कबरीत एका भिंतीवर तो आणि त्याची पत्नी परलोकातल्या शेतात काम करताना रंगवले आहेत. तो ठिपक्यांच्या गुरांच्या जोडीने नांगर धरतो आहे आणि ती मागून बी टाकत चालली आहे. दोघांनी शुभ्र वस्त्रे नेसली आहेत, कडेने पाण्याचे पाट आहेत आणि खाली खजुराची झाडे ओळीने लावली आहेत. आपल्या खेड्यात वाढलेल्या कोणालाही ते चित्र समजावून सांगावे लागत नाही. खाली उतरण्याचा जिना अरुंद आणि खडा आहे, त्यामुळे तिथे तुम्ही आणि मुलीने जावे.

याच वस्तीतल्या कारागिरांनी रामसेस तिसऱ्याच्या कारकिर्दीत, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, धान्याच्या रूपातले वेतन थकल्यामुळे काम बंद केले आणि ते मंदिरांपाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला हा जगातला पहिला संप मानला जातो. भूक आणि तहान यांमुळे आम्ही इथे आलो, आमच्याकडे ना वस्त्र, ना तेल, ना मासे, ना भाजी, असे त्यांचे गाऱ्हाणे पपायरसवर लिहिलेले आहे आणि तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. त्या रामसेसचे मंदिर, मेदिनत हाबू, तिथून थोड्याच अंतरावर आहे. जमीन सपाट, गर्दी कमी, खोल कोरलेले लेख आणि छतांवर टिकून राहिलेले रंग, यांमुळे वडिलांना ते मंदिर विनासायास पाहता येईल. या दोन्ही जागा एकाच दिवशी, याच क्रमाने पाहाव्यात असा माझा आग्रह आहे.

नवव्या दिवशी रात्री विमानाने कैरोला परता आणि दहावा दिवस जुन्या कैरोला द्या. फुस्तात येथील इजिप्शियन संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०२१ पासून राजांच्या ममी ठेवल्या आहेत. ज्याचे पुतळे आठवडाभर पाहिले त्या रामसेस दुसऱ्याची ममी शेवटी पाहण्यात अर्थ आहे. जवळच बेन एझ्रा हे ज्यूंचे प्राचीन प्रार्थनागृह आहे. त्याच्या अडगळीच्या खोलीत सापडलेल्या कागदपत्रांत भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या अकराव्या-बाराव्या शतकांतील व्यापाऱ्यांची पत्रे होती. हा संबंध त्याहून जुना आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविक-पुस्तिकेत इजिप्तच्या लाल समुद्रावरील बंदरांपासून सुरू झालेले वर्णन सोपारा आणि कल्याणपर्यंत येते, आणि पैठण व तेर येथून बैलगाड्यांनी बंदराकडे जाणाऱ्या मालाचाही त्यात उल्लेख आहे.

जेवणाची काळजी तुम्हाला वाटते तितकी करू नका. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, तळलेला कांदा आणि टोमॅटोचा आंबट-तिखट रस्सा यांची कोशारी सगळीकडे मिळते. सकाळी फूल, म्हणजे शिजवून घोटलेले बाकला शेंगांचे दाणे, आणि त्याच दाण्यांची तामिया ही तळलेली वडी, हे गरीब-श्रीमंत सगळ्यांचे खाणे आहे. मुलुखिया ही पातळ पालेभाजी मात्र बहुधा कोंबडीच्या किंवा सशाच्या पाण्यात शिजवतात. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती २५ नोव्हेंबर ते ६ जानेवारी असा नाताळापूर्वीचा उपास पाळतात आणि त्या काळात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. या उपासाला चालणाऱ्या पदार्थांना ‘सियामी’ म्हणतात आणि हा शब्द वर्षभर सगळ्यांना कळतो. या उपासाला मासे चालतात, म्हणून ‘मासेही नकोत’ असे आवर्जून सांगा.

पैशांबाबत एवढेच सांगतो की, मार्च २०२४ मध्ये इजिप्शियन पौंडाचे मोठे अवमूल्यन झाले, त्यामुळे त्याआधीच्या प्रवासवर्णनांतील किमतींवर विसंबून हिशेब करू नका. बऱ्याच मोठ्या स्थळांवर तिकिटाचे पैसे फक्त कार्डानेच घेतात. त्याच वेळी प्रसाधनगृह, सामान उचलणारा, होडीवाला यांच्यासाठी लहान नोटा खिशात लागतातच. गिझाला उंटवाल्यांशी बोलणे सुरू करण्याआधी पूर्ण रक्कम, किती वेळ आणि उतरवण्याचे पैसे त्यातच आहेत ना, हे ठरवून घ्या, आणि नको असेल तर चालत राहा. मुलीचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र काढून ठेवले तर तिला बहुतेक ठिकाणी निम्म्या दरात प्रवेश मिळेल. ड्रोन आणि दुर्बीण बरोबर नेऊ नका. परवानगीशिवाय ड्रोन नेण्यास तिथे बंदी आहे आणि दुर्बिणीवरूनही विमानतळावर अडवतात.

जानेवारी हा तिथला गर्दीचा हंगाम आहे, त्यामुळे आधी व्हिसाचे चालू नियम इजिप्तच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा, मग आंतरराष्ट्रीय विमान, त्यानंतर कैरो-असवान आणि लक्सर-कैरो ही देशांतर्गत विमाने आणि लक्सरच्या पश्चिम काठावरील मुक्काम, या क्रमाने आरक्षण करा. कैरो आणि असवान येथील हॉटेले नंतर ठरवली तरी चालतात. मार्गदर्शक सगळ्या सहलीसाठी एकच घेऊ नका. सक्कारा-दहशूरसाठी एक आणि लक्सरला दोन दिवसांसाठी तिथलाच एक परवानाधारक मार्गदर्शक घ्या, आणि देर अल्-मदिना कार्यक्रमात हवेच, हे त्याला ठरवतानाच सांगा, कारण घाईत वगळली जाणारी पहिली जागा तीच असते.