बंपरवरचा चीक काढताना

भावा, गाडीच्या बंपरवरचा चीक काढायचाय म्हणतोस, तर आधी सांग, गाडी आंब्याखाली लावतोस का? सांगलीत मोहोराच्या दिवसांत काळ्या प्लॅस्टिकवर जो चिकट थर बसतो, तो बऱ्याचदा झाडाचा चीक नसतोच, तुडतुड्यांनी, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांनी, सोडलेला गोड स्राव असतो. तो कोमट पाणी आणि कार शांपूने निघतो. उगाच केमिकल कशाला?

खरा डिंक असेल तर मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आण. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघ, कारण रंग दिलेल्या पट्टीचा रंग उतरू शकतो. मग मऊ कापडाची घडी भिजवून डागावर अर्धा मिनिट नुसती दाबून धर, घासू नकोस. डिंक मऊ झाला की टिपून घे. खडबडीत प्लॅस्टिकच्या खाचांसाठी जुना मऊ टूथब्रश चालतो. शेवटी पाण्याने धू.

गॅरेजवाला पोरगा पेट्रोलचं फडकं पुढे करेल, घेऊ नकोस. पेट्रोलने काचेभोवतीचं रबर फुगतं, थिनरने प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि ते सहजासहजी परत काळं होत नाही. ब्लेडही नको. आणि हे सगळं सावलीत, गाडी गार असताना. एप्रिलच्या उन्हात अल्कोहोल डिंक भिजायच्या आतच उडून जातं.